मातृवृक्षाची चौकशी

आमच्या घरी दूध आलं की मी आधी त्याचा वास घेते, मग तापवते, मग पुन्हा वास घेते. नवरा म्हणतो, "गाईनं स्वतः येऊन शपथ घेतली तरी तुला पटायचं नाही." म्हणू दे. संशय घेणं हा माझा स्वभाव आहे आणि याच स्वभावावर माझी नोकरी उभी राहिली. वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनात भोळ्या माणसाचं काम नाही.

ऐकायला हे काम सोपं आहे. झाडाच्या शेंड्याचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, धुऊन निर्जंतुक करायचा, काचेच्या बाटलीत साखर आणि क्षारांच्या जेलीवर बसवायचा आणि दिव्यांच्या खोलीत ठेवून द्यायचा. तुकडा जगला तर त्याला फुटवे येतात, फुटव्यांना आणखी फुटवे, आणि बघता बघता एका झाडाची शेकडो रोपं होतात. सगळी हुबेहूब त्या मूळ झाडासारखी. त्या मूळ झाडाला आम्ही मातृवृक्ष म्हणतो. पण एवढीशी बुरशी आत शिरली की बाटली गेली. बाहेरून काच लख्ख दिसते, आत काय शिजतंय ते नंतर कळतं. म्हणून हात धुऊन आलेल्या माणसालाही मी परत हात धुवायला पाठवते. प्रयोगशाळेतल्या पोरी माझ्या पाठीमागं मला काय म्हणतात, तेही मला चांगलं ठाऊक आहे.

माझी अर्धी नोकरी केळीवर गेली. केळी गुणाची, बाटलीत टाकली की वाढते. पण बीड जिल्ह्यात राहून केळीचं काय कौतुक सांगायचं? आमचं फळ सीताफळ. डोंगरावर कुणी न लावता येतं, शेळ्या पानाला तोंड लावत नाहीत म्हणून टिकतं, आणि हंगामात मांजरसुंब्याच्या चौकात पाट्याच्या पाट्या विकायला येतात. दोष एवढाच की तोंडात गर कमी आणि बिया फार. बी लावून वाढवलेलं झाड आईसारखं निघेलच याची खात्री नाही, आणि कलमं करायची तर एका झाडाच्या काड्या किती जणांना पुरणार? एखादं कमी बियांचं, भरपूर गराचं झाड शोधायचं आणि बाटलीत वाढवायचं, हे डोक्यात घुसलं ते घुसलंच. सीताफळ मात्र बाटलीत महा नखरेल. कापलेला तुकडा काळा पडतो, मग भोवतालची जेली काळी पडते, की संपलं. कितीतरी वर्षं मी नुसत्या काळ्या बाटल्या धुतल्या.

मग एका हंगामात मांजरसुंब्याला एसटीची वाट बघत उभी होते. वेळ जात नव्हता म्हणून एका पाटीतलं फळ घेतलं, फोडलं, आणि एसटी आली तशी गेलीसुद्धा, मी तिथंच. गर नुसता भरलेला, बिया शोधाव्या लागत होत्या. विकणारा माणूस चाळिशीचा, तोंडात तंबाखू, आणि गिऱ्हाइकाकडं बघण्यापेक्षा रस्त्याकडंच जास्त बघत होता.

"हे कुठल्या झाडाचं?" मी विचारलं.

"बांधावरच्या."

"कुठल्या बांधावरच्या?"

"खावा की म्याडम. एवढं इचारता कावून? चोरीचं न्हाई."

चोरीचं आहे असं मी म्हटलंच नव्हतं. बरंच खोदून विचारल्यावर कळलं की तो लिंबागणेशच्या पुढं डोंगराच्या अंगाला राहतो, मेंढरं राखतो, थोडी कोरडवाहू शेतीही आहे. लगेच मी तिथं जाऊन धडकले. झाड होतं खरं. बांधाच्या टोकाला, जुनं, बुंध्याला गाठी आलेलं. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, बाटल्या, रोपं, शेतकऱ्यांना वाटप, सगळं. तो मान हलवत होता. पण मी पिशवीतून कात्री काढली तसा तो माझ्या आणि झाडाच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"आज नगं. आज वार बरा न्हाई. मी सोता आणून देतो काड्या. तुमी कावून डोंगर चढता उगं?"

माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्यानंतर दर वेळी तेच. तो ओल्या फडक्यात गुंडाळून काड्या आणायचा, आमच्या फाटकाशी द्यायचा आणि चहाला थांब म्हटलं तरी थांबायचा नाही. मी येते म्हणून कळवलं तर काड्या आधीच तोडून तयार. न कळवता गेले तर त्याची बायको दारातच अडवायची. "ते मेंढराकडं गेलेत. त्येंच्या माघारी झाडाला हात लावू देत न्हाईत बगा." आता दुसऱ्याच्या झाडावर मी काय जबरदस्ती करणार? आमच्या प्रमुखांना सांगितलं तर ते हसले. आमचे सर भले गृहस्थ, कुणावर आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "माणूस घरपोच आणून देतोय, तर घ्या मुकाट्यानं. तुम्हाला तर जो तो चोरच दिसतो."

आणि त्या काड्या बाटलीत वागल्या कशा? अगदी शहाण्यासारख्या. पहिल्यासारखं काळं पडणं नाही, फार बुरशी नाही, पहिल्याच हंगामात टचटचीत फुटवे. प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. मी अर्धा पेढा खाल्ला आणि उरलेला कागदात गुंडाळून ठेवला. कारण म्हाताऱ्या झाडाची काडी इतक्या गुणानं वागत नाही. कोवळ्या वयाच्या झाडाचा तुकडा बाटलीत पटकन रुळतो, जुन्याचा फार छळतो. हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. मी बोलून दाखवलं तर सर म्हणाले, "अहो, जमलं तरी तुम्हाला दुखतं!" दुखत होतं, खोटं कशाला सांगू?

रोपं बाटलीतून निघाली, पिशव्यांत लागली, हिरव्या जाळीखाली वाढू लागली. तालुक्यातल्या एका पुढाऱ्यानं स्वतःच्या हस्ते रोपवाटप ठरवलं. मोठा बागायतदार माणूस, त्याचा शब्द मोडायची आमच्याकडं पद्धत नाही. गावोगाव निरोप गेले. लोकांनी खड्डे खणले, शेणखत भरलं आणि फोनवर फोन सुरू झाले. "म्याडम, कमी बियांचं सीताफळ कंदी देऊ लालात?" आणि इकडं मी रोज सकाळी जाळीखाली जाऊन पानं बघत होते. त्या बांधावरच्या झाडाची पानं टोकाला गोलसर होती. या रोपांची निमुळती. सहकारी म्हणाले, रोप लहान आहे, वय वाढेल तसं पान बदलतं. बरोबर आहे, बदलतं. पण माझ्या डोक्यातून जाईना.

सीताफळाला फळ धरायला काही वर्षं जातात. म्हणजे रोपं चुकीची असली तरी आज कुणाला कळणार नव्हतं. माणसं पाणी घालतील, कुंपण करतील, वाट बघतील, आणि मग एक दिवस पहिलं फळ फोडतील. त्या दिवशी तोंडात बियाच बिया आल्या तर? रोपं त्याच झाडाची आहेत अशी लेखी हमी मला द्यायची होती. माझ्या सहीशिवाय रोप फाटकाबाहेर जाणार नव्हतं. ती सही करायला माझा हात धजेना.

कुठंतरी पाणी मुरत होतं, पण कुठं? आधी मला आमच्याच लोकांचा संशय आला. बाटल्या बदलल्या असतील, कुणी दुसऱ्या सीताफळाच्या बाटल्या या रांगेत सरकवल्या असतील. आठवडाभर मी प्रत्येकीच्या मागं जाऊन उभी राहत होते, पोरी वैतागून गेल्या. मग रस्त्याच्या कडेला नवी झालेली एक खासगी रोपवाटिका डोळ्यांपुढं आली. तिथं "कमी बियांचं सीताफळ मिळेल" अशी पाटी लागली होती. झालं! खऱ्या झाडाच्या काड्या या मेंढपाळानं तिकडं विकल्या आणि आमच्या गळ्यात भलतंच काहीतरी मारलं. मला तर त्यानं पैसे मोजून खिशात घातलेले सुद्धा दिसायला लागले.

आता अंदाजावर भांडता येत नाही. पानातून डीएनए काढून झाडांची ओळख पटवता येते, माणसांत बापाची पटवतात तशीच. रोपांची पानं माझ्याकडं होती, हवं होतं त्या जुन्या झाडाचं एक पान. बाजाराच्या दिवशी, तो गावात नसेल असं बघून मी गेले. झाडाखाली जाऊन वाकले तोच त्याची बायको धावत आली.

"म्याडम, पान तोडू नगा!"

"तोडत नाही. पडलेलं उचलतेय."

पडलेल्या पानाला ती काय बोलणार? पण ती हलली नाही. मी दोन-तीन हिरवी पानं वेचून पिशवीत टाकेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि मी वाटेला लागले तरी मागून बघत होती. चोरावर नजर ठेवतात तशी. माझ्याकडं कुणी असं बघायची मला सवय नाही, माझा तिळपापड झाला.

तपासणीचा निकाल आला. आमची सगळी रोपं एकमेकांशी जुळत होती, आणि त्या जुन्या झाडाशी एकही जुळत नव्हतं. म्हणजे प्रयोगशाळेत काही बदललं नव्हतं. जो घोळ झाला तो आमच्या फाटकाच्या बाहेर झाला होता, काडी तोडतानाच. निकाल हातात घेऊन मी तशीच जीपमध्ये बसले.

तो हौदावर मेंढरांना पाणी पाजत होता. मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"खऱ्या झाडाच्या काड्या कुणाला विकल्या?"

"कोनाला इकल्या? काय बोलायल्यात म्याडम?"

"मग मला कुठल्या दिल्या?"

मला वाटलं होतं, कानावर हात ठेवेल, देवाची शपथ घेईल. त्यानं सरळ हात करून पलीकडच्या शेताच्या तालीवरचं एक झाड दाखवलं. तरणं, सडपातळ झाड. "त्येच्या. त्या बांधावरच्याच झाडाच्या बीचं हाय ते. लई गोड हाय."

"गोड असेल. पण हे झाड ते नव्हे! लोक खड्डे खणून बसलेत. का केलंत असं?"

त्यानं हौदातलं पाणी हातानं ढवळलं. मग म्हणाला, "बांधावरचं झाड माझं न्हाई. बहिनीचं हाय."

मी म्हटलं, आता ही कुठली नवीन कथा? पण तो सांगत गेला. बापाच्या हयातीतच जमीन त्याच्या नावावर झाली होती. बहिणीनं हक्क सोडला, कागदावर अंगठा दिला. आमच्याकडं हे घरोघर चालतं. बहिणीनं अंगठा द्यायचा, भावानं दिवाळीला साडी-चोळी करायची आणि माहेर तुटलं नाही म्हणून दोघांनी समाधान मानायचं. त्या दिवशी बाप म्हणाला होता, जमीन त्याची, पण बांधावरचं हे झाड तुझं. कागद नाही, साक्षीदार नाही. तेव्हापासून दर हंगामाला पहिली पाटी युसूफ वडगावला तिच्या सासरी जाते, आणि तिच्या सांगण्यावरून उरलेली फळं विकतात, त्याचे पैसेही तिच्याकडंच जातात.

"मग मला तोंडावर नाही म्हणायचं होतंत!"

"तुमी एवढ्या लांबून आलत्या. शिकल्यासवरल्या, मोठ्या मानूस. तोंडावर न्हाई कसं म्हणावं?"

भीड! हे ऐकून माझं डोकं फिरलं. एवढी वर्षं, एवढ्या बाटल्या, एवढे लोकांचे खड्डे, आणि का? तर म्हणे, शिकल्यासवरल्या माणसाला नाही कसं म्हणायचं. मी त्याला वाट्टेल ते बोलले. तो ऐकून घेत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "जमीन तर घेतलीच तिची अंगठा लावून. आता झाडबी देऊन टाकू का?"

"मग बहिणीला विचारायचं. तिनं हो म्हटलं असतं तर प्रश्नच मिटला असता."

यावर तो एकदम मेंढरं हाकायला लागला. ही गोष्ट मला पटली नाही. जो माणूस आत्ता एवढं बोलला तो या एकाच प्रश्नाला अडतो कसा? बहिणीबिहिणीची भानगड खरी तरी आहे का, की पुन्हा माझ्या डोळ्यांत धूळ टाकतोय? मी म्हटलं, "ठीक आहे. मीच जाऊन विचारते."

"जावा. पर मी पाठवलं म्हणून सांगू नगा."

हे तर आणखीच संशयास्पद.

सरांना सगळं सांगितलं तेव्हा पुढारीही तिथंच बसला होता. त्यानं विचारलं, "सातबाऱ्यावर कोणाचं नाव हाय?" मी म्हटलं, भावाचं. "मंग झालं की! त्याची सही घ्या अन् तोडा काड्या. त्याला मी सांगतो. अन् हाय ती रोपं वाटून टाका. फळ लागंपर्यंत कोण इचारायलंय?" सरांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "तोपर्यंत तुम्हीही निवृत्त झालेल्या असाल." भला माणूसही कधी कधी असं बोलतो. मी म्हटलं, माझी सही मिळणार नाही, आणि बहिणीला विचारल्याशिवाय त्या झाडाला कुणी कात्री लावणार नाही. पुढारी उठून गेला. वाटपाची तारीख लांबली, आणि मी युसूफ वडगावची एसटी पकडली.

बहीण दारात बसून तूर पाखडत होती. मी ओळख सांगितली. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"भावानं पाठवलं का?"

"नाही."

"मंग अंगठा कशाला पायजे?"

"अंगठा नको. विचारायला आलेय."

तिला ते खरं वाटलं नाही, वाटायचं कारणही नव्हतं. माझी पिशवी उघडून बघते की काय असं तिचं बघणं होतं. मी समजावून सांगायला लागले. काडी, बाटली, रोपं. मध्येच तिनं विचारलं, "ते बाटलीतलं रोप मोठं झालं तर माझ्या झाडावानी व्हईल?"

"हुबेहूब. तेच झाड म्हणा ना."

"म्हणजी ज्येच्या त्येच्या बांधावर माझं झाड."

"हो. तुमच्या दारातही लावून देईन, हवी तेवढी."

"माझं हाय की एक." ती उठली आणि आत जाऊन चहा करून घेऊन आली. मला आशा वाटली. खोटं बोलत नाही, माझं मन तेवढ्यात रोपवाटपापर्यंत जाऊन परत आलं. खऱ्या झाडाची रोपं, गावोगाव. एवढ्या काळ्या बाटल्या धुतल्या त्याचं चीज.

ती समोर बसली. "अंगठा दिला तवा मला कोनी इचारलं न्हवतं. जीपमधी बसवलं, तहसिलीत नेलं, शाई लावली. येताना जिलबी खाऊ घातली. भाऊ लई चांगला हाय माजा, त्येला नावं ठिवत न्हाई मी. पर इचारलं न्हवतं. आख्ख्या जल्मात तुमीच पहिल्या आलाव इचारायला."

"मग?" मी विचारलं.

"मंग न्हाई म्हणते."

मला वाटलं, मी नीट सांगितलं नाही. मी पुन्हा सुरू केलं. कोरडवाहू जमीन, कमी पाण्याचं फळ, किती घरांचं भलं होईल. तिनं मला पुरतं बोलू दिलं.

"समद्यांचं भलं माझ्याच वाट्यातून कावून व्हायलंय?" ती म्हणाली. चिडून नाही, खरंच विचारावं तसं. "तुमी इचारलं म्हणून तर न्हाई म्हणता यायलंय. इचारल्यावर हो म्हणलंच पायजे का?"

मला राग आला होता, वाईट वाटत होतं, आणि हात चोळत बसण्यापलीकडं काही करता येत नव्हतं. चहा मात्र फर्मास होता. निघताना तिनं माझ्या पिशवीत सुपातली तूर ओतली, नको म्हणत असतानाही.

स्टँडवर उभी राहून मी सरांना फोन लावला. सांगितलं की हाताशी आहेत ती रोपं साधं सीताफळ म्हणूनच जातील, त्या तरण्या झाडाची म्हणून, आणि तीही मेंढपाळाची परवानगी घेऊन. कमी बियांची म्हणून नाही. लोकांना कारणही मीच सांगेन, शिव्याही मीच खाईन. आणि तो मातृवृक्ष आपल्याला मिळणार नाही. सर "बरं" म्हणाले.

एसटीत बसते न बसते तोच त्याचा फोन आला. मेंढपाळाचा.

"काय म्हणली?"

"नाही म्हणाली."

पलीकडं नुसती मेंढरांची बें-बें.

"तोंडानं म्हणली? सोता?"

"हो, चांगली स्पष्ट म्हणाली. आता सांगा, मला जे एका दिवसात कळलं ते तुम्हाला विचारता येत नव्हतं? निदान आता तरी विचारून बघा. तुम्ही सख्खे भाऊ, तुमचं ऐकेल ती."

"ऐकंल की," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज ओला झाला होता. "मी मागितलं तर लगीच हो म्हणंल. मला तिनं जल्मात कंदी न्हाई म्हणलंच न्हाई, म्याडम. म्हणून तर इचारलं न्हाई."